बोगस नावाचं यंत्र

नाशिकरोडच्या बिटको चौकातला भाजीवाला पाचशेची नोट उन्हात धरतो आणि म्हणतो, "डुप्लिकेट वाटतेय, दुसरी द्या." तीच नोट बँकेत पकडली गेली की तिच्यावर पाच सेंटिमीटरचा चौकोनी शिक्का बसतो, त्यावर शब्द 'काउंटरफीट'. पोलिसांच्या कागदात ती 'बनावट' होते, हिंदी बातमीत 'जाली'. नाशिकरोडचा या शब्दांशी घरोबा आहे. 1925 सालची सिक्युरिटी प्रेस आणि 1928 सालची नोटांची प्रेस इथलीच. 'प्रेसमध्ये आहे' एवढं म्हटलं की नोकरी कुठली ते कळतं.

इंग्रजीतले खोटेपणाचे शब्द एका आईचे नाहीत. काउंटरफीट लॅटिन कुळातला, त्यात 'विरुद्ध' आणि 'करणे' एकत्र आलेत. फोर्ज म्हणजे लोहाराची भट्टी. कायद्यानेही वाटणी केली: नोट काउंटरफीट, दस्तऐवज फोर्ज्ड.

बोगस मात्र अस्सल अमेरिकन. मे 1827 मध्ये ओहायोतल्या पेन्सव्हिल गावी खोटी नाणी पाडणारी टोळी सापडली. तिच्याकडचं विचित्र यंत्र बघायला गर्दी जमली आणि कोणीतरी त्याला 'बोगस' म्हणालं. तिथल्या 'टेलिग्राफ' पत्राचे संपादक एबर हाउ यांनी तो शब्द छापायला घेतला. म्हणजे हे विशेषण मुळात यंत्राचं नाव! पुढे खोटं नाणं बोगस झालं, मग काहीही. आपण तर बोगस बियाणं, बोगस मतदार करत करत 'पिक्चर बोगस होता' इथवर आलो. त्यात खोटं काहीच नसतं, फक्त पैसे वाया गेलेले असतात.

मराठीची गंमत वेगळीच. तलाठ्याकडची सातबाऱ्याची नक्कल खरी, पण नकली म्हटलं की खोटं. अरबी मूळ एकच. डुप्लिकेट चावी चालते, डुप्लिकेट नोट नाही. भारतीय बनावटीची तोफ कौतुकाची, बनावट तोफ कोणाला हवी?

मुद्रांक घोटाळा करणाऱ्या तेलगीच्या खोट्या मुद्रांकांनी या सगळ्या शब्दांची पंचाईत केली. नाशिकरोडच्या प्रेसमधून लिलावात निघालेली यंत्रं त्याने मिळवल्याचं तपासात पुढे आलं. पेन्सव्हिलात यंत्रच बोगस होतं. इथे यंत्र सरकारी होतं, आणि त्यातून निघालेला कागद बनावट.