मुलीचे नाव : वेगळे, पण पेलणारे

बहारीनमध्ये सीपीआर कार्डावर नाव अरबी आणि इंग्रजी दोन्हींत येते. म्हणून आम्ही नावाची पहिली चाचणी अरबीत घेतो. प्रमाण अरबीत 'प' नाही, त्यामुळे पूर्वाची 'बूर्वा' होते. 'ण', 'ळ'ही नाहीत. ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, म्हणून 'मुदिता' कोणी 'मदिता' वाचेल. नीरा, सायली, लीना अशी दीर्घ स्वरांची नावे टिकतात. लीना तर अरबीतही मुलीचे नाव आहे.

दुसरी चाचणी घरची. आजीला सहज हाक मारता यावी आणि चिडवायला अर्थ सापडू नये. नीरा ही नदी, पण पेयही!

भारतीय दूतावासात जन्मनोंदणी एका वर्षाच्या आत करायची असते. त्याआधी नाव आणि स्पेलिंग पक्के करा; सगळ्या कागदांवर तेच ठेवा.