सूर्यमाळ ते प्रयोगशाळा : उमेदवारीची एक जुनी वाट



सूर्यमाळच्या पठारावर उभे राहून चोहीकडे नजर टाकली म्हणजे ज्या डोंगररांगा दिसतात, त्यांच्या कुशीतून वाहणाऱ्या वैतरणेचे पाणी मुंबईकरांनी तीन ठिकाणी अडवून आपल्या शहरात नेले आहे. मोडकसागर १९५७ साली बांधून झाला, ऊर्ध्व वैतरणा १९७३ साली, आणि आपल्या मोखाडा तालुक्यात कोचाळे येथील मध्य वैतरणा चालू शतकात. मुंबईतल्या एखाद्या संशोधन संस्थेत कोणी विद्यार्थी नळाखाली परीक्षानळ्या विसळत असेल, तर त्या नळाच्या पाण्यात आपल्या डोंगरांचाही वाटा आहे. आपले पाणी तिथवर पोचले. आपली मुले पोचली का, हा प्रश्न मी आज तुमच्यापुढे ठेवीत आहे.

दरवर्षी मे-जून महिन्यांत देशातील मोठ्या प्रयोगशाळा महाविद्यालयांतील निवडक मुलामुलींना सुमारे दोन महिने आपल्याकडे बोलावतात. त्यांना एका शास्त्रज्ञाच्या हाताखाली प्रत्यक्ष काम देतात आणि बहुतेक ठिकाणी विद्यावेतनही देतात. इंग्रजीत याला इंटर्नशिप म्हणतात. आपल्याकडे यासाठी उमेदवारी हा जुना, चांगला शब्द आहे आणि शागिर्दी हा त्याहूनही गोड. सुताराचा, शिंप्याचा, हकिमाचा मुलगा ज्या रीतीने हुन्नर शिकत असे, त्याच रीतीने शास्त्रज्ञही घडतो, ही गोष्ट आपल्या घरांतून फारशी कोणाला ठाऊक नाही. ‘दोन महिने घराबाहेर राहायचे, त्यातून ना पदवी, ना नोकरी,’ असे म्हणून अर्जाचा विषय तिथेच मिटतो. म्हणून ही वाट कोणी आणि कशी चालली, त्याचा थोडा इतिहास सांगतो.

सुमारे १९०८ साली मुंबईत दहाबारा वर्षांच्या एका मुलाने खेळण्यातल्या हवेच्या बंदुकीने एक चिमणी मारली. मुलगा सुलेमानी बोहरा कुटुंबातला. वर्षाचा असताना बाप गेला, तीन वर्षांचा असताना आई गेली, आणि मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी तो वाढत होता. त्या काळी चिमण्या मारून खाणे हा मुलांचा खेळ होता. (आज कोणी तसे करू नये. १९७२ च्या कायद्याने वन्य पक्ष्यांना संरक्षण आहे.) या चिमणीच्या गळ्यावर मात्र पिवळा ठिपका होता. नेहमीच्या चिमणीला तो नसतो. असला वेगळा पक्षी मुसलमानाला खाण्यास जायज आहे की नाही, अशी शंका त्या पोराला आली आणि तो चिमणी घेऊन मामांकडे गेला.

या प्रसंगात मला स्वतःला मुलाइतकेच मामांचे वागणे मोलाचे वाटते. ‘कसली चिमणी घेऊन बसलास, जा अभ्यास कर,’ असे ते म्हणू शकले असते. तसे न म्हणता त्यांनी मुलाला मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे धाडले. ही सोसायटी १८८३ साली स्थापन झाली आणि मामा तिचे सभासद होते. तेथील चिटणीस मिलार्ड नावाचे इंग्रज गृहस्थ. घाबरत घाबरत दाराशी आलेल्या या पोराला त्यांनी पक्ष्याचे नाव सांगितले. कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखविले, वाचायला पुस्तके दिली, आणि पुढे पक्ष्याचे कातडे सोलून नमुना कसा जतन करावा हेही शिकविण्याची व्यवस्था केली. तो मुलगा म्हणजे मरहूम डॉ. सलीम अली. भारतातील पक्षिशास्त्राचे नाव त्यांनी जगभर नेले. १९७६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि १९८७ साली मुंबईत त्यांचा इंतकाल झाला.

परंतु या प्रसंगाच्याही आधीची एक गोष्ट आमच्या विषयाशी अधिक जवळची आहे. साधारण १९०६-०७ च्या सुमारास याच मुलाने घरच्या तबेल्याजवळील चिमण्यांच्या एका घरट्याची नोंद करून ठेवली होती. मादी भिंतीच्या भोकात अंड्यांवर आणि नर बाहेर खिळ्यावर पहाऱ्याला. याने नराला मारले की मादीला दुसरा नर मिळे. सात दिवसांत आठ नर मारले गेले आणि प्रत्येक वेळी जागा भरून निघाली. हेतू अर्थातच शिकारीचा होता. पण मुलाने हे लिहून ठेवले, आणि सुमारे साठ वर्षांनी ती बालपणीची नोंद पक्षिनिरीक्षकांच्या नियतकालिकात छापली गेली. प्रयोगशाळेत जाण्याची तयारी म्हणजे काय, असे विद्यार्थी विचारतात. माझ्या मते ती एवढीच आहे : जे पाहिले ते त्याच दिवशी, तारखेसह, वहीत उतरवणे. बाकीचे सारे शिकवता येते.

पुढची वाट सरळ नव्हती, हेही पालकांनी ध्यानात घ्यावे. सलीम अलींना विद्यापीठाची पदवी नव्हती. ब्रह्मदेशात कुटुंबाच्या धंद्यात काही वर्षे घालवून ते परत आले. १९२६ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्गविज्ञान दालनात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून दरमहा ३५० रुपयांवर लागले. बरी नोकरी होती. तरी दोनच वर्षांत त्यांना उमगले की आपल्याला खरे शास्त्र येत नाही. म्हणून रजा घेऊन ते बर्लिन विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात प्राध्यापक श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली उमेदवारी करण्यास गेले. वय तिशी ओलांडलेले. ब्रह्मदेशातून आलेले पक्ष्यांचे नमुने तिथे त्यांनी तपासले आणि हेल्गोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायांत कडी कशी घालतात ते पाहिले. १९३० साली परतले तो म्युझियमने पैशाअभावी त्यांची जागाच रद्द केलेली!

मग ते पत्नी तहमिना यांच्यासह अलिबागजवळ किहीम येथे राहावयास गेले. तिथे सुगरणीची वसाहत होती. तासन्तास बसून त्यांनी कोणता नर किती घरटी अर्धवट विणतो आणि मादी येऊन पसंत करते केव्हा, हे टिपले. मादीने घरटे पत्करून अंडी घातली की नर दुसरे घरटे विणायला घेतो आणि दुसरी मादी मिळवतो, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. तो निबंध १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सांगायचे ते असे की या शोधाला काचेचे एकही भांडे लागले नाही. बर्लिनने त्यांना शिस्त दिली. सुगरण मात्र रायगडच्या किनाऱ्यावर होती, आणि ती आपल्याकडेही ओढ्याकाठच्या झाडांना लोंबताना दिसते.

आता दुसरा दाखला, तोही मुंबईचाच. प्रा. ओबेद सिद्दिकी हे मूळचे उत्तर प्रदेशातील बस्तीचे आणि अलीगढचे विद्यार्थी. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत गव्हावर काम करीत असता गारपीट झाली आणि प्रयोगाचे शेत झोपले. शेतकऱ्याच्या मुलाला हे दुःख समजावून सांगायला नको. सिद्दिकींनी विषय बदलला. ग्लासगोस जाऊन अतिसूक्ष्म जीवांचे आनुवंशशास्त्र शिकले, आणि डॉ. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून १९६२ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभारला. संस्था अणू आणि गणिताची. तिथे जंतू आणि पुढे फळमाश्या पाळणारा हा विभाग प्रथम अनेकांना विचित्र वाटला असल्यास नवल नाही.

सिद्दिकींचा एक शोधनिबंध डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात पदवीसाठी शिकणाऱ्या एका मुलीने वाचला. वेरोनिका रॉड्रिग्ज तिचे नाव. घराणे गोव्याचे, जन्म केनियातला, आणि आईबापांचा देश तिने तोवर कामासाठी कधी जवळ केलेला नव्हता. निबंधातली गोष्ट आवडली म्हणून तिने सरळ लेखकाला पत्र लिहिले. त्या पत्रातून ओळख झाली आणि पदवी घेऊन ती सिद्दिकींच्या हाताखाली संशोधन करण्यास मुंबईस आली. फळमाशीला चव आणि वास कसा कळतो, यावरचे तिचे काम पुढे जगभर नावाजले गेले आणि त्याच संस्थेच्या जीवशास्त्र विभागाची ती प्रमुखही झाली. २०१० साली ती निवर्तली, सिद्दिकी २०१३ साली. मुलीला एकटीला कसे धाडावे, असे जे पालक विचारतात त्यांनी ही हकीकत घरी एकदा मोठ्याने वाचावी.

अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील प्रयोगशाळेने १९५९ पासून उन्हाळ्यात पदवीच्या विद्यार्थ्यांना घेण्यास सुरुवात केली. आपल्याकडे ती सोय बरीच नंतर झाली, पण आज ती आहे. देशातील तीन राष्ट्रीय विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी शिष्यवृत्ती देतात. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात पदवी विद्यार्थ्यांसाठीचा उपक्रम २००४ पासून आहे. पुण्याचे आयुका आणि कुलाब्याची टाटा संस्था यांचेही सुट्टीतील कार्यक्रम असतात. मात्र ऐकीव माहितीवर विसंबू नका. किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना १९९९ साली सुरू झाली आणि २०२२ साली बंद झाली, तरी अजून तिचेच नाव सांगणारे भेटतात. नियम आणि मुदती दरवर्षी संस्थेकडूनच पडताळून घ्याव्यात. आणि उन्हाळ्याचा अर्ज उन्हाळ्यात करायचा नसतो! बहुतेक मुदती थंडीतच संपतात. दिवाळी झाली की कामाला लागावे. शिक्षकांकडून शिफारसपत्र घ्यायचे असते आणि शेवटच्या दिवशी दाराशी उभे राहणाऱ्यासाठी चांगले पत्र कोणी लिहीत नाही.

अर्जात ‘मला विज्ञानाची लहानपणापासून आवड आहे’ हे वाक्य असू नये, ते सारेच लिहितात. त्याऐवजी तुम्ही स्वतः काय पाहिले ते लिहा. गावच्या विहिरीचे पाणी दर आठवड्यास मोजले असेल, नाचणीचे दोन वाण शेजारी शेजारी पेरून पाहिले असतील, सुगरणीची घरटी मोजली असतील, तर तारखा व आकडे द्या. ज्यांच्याकडे जायचे त्यांचा निदान एक शोधनिबंध शब्दकोश घेऊन बसून वाचा. पहिल्या वेळी चौथाईच कळेल. जे कळले नाही त्यातूनच एक नेमका प्रश्न काढून लिहिला, तर तो वाचणाऱ्याच्या मनात राहतो.

वहीबद्दल मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे. रानपिंगळा नावाचे एक लहान घुबड आहे. ह्यूम यांनी १८७३ साली त्याचे वर्णन केले, आणि खानदेशातून १८८४ साली शेवटचा खरा नमुना मिळाल्यावर ते दिसेनासे झाले. पुढे माइनर्ट्झहागेन नावाच्या एका बड्या इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत मांडवी येथे ते मिळाल्याची चिठ्ठी लावून एक नमुना ठेवला. लोक त्या चिठ्ठीवर विसंबून भलत्याच ठिकाणी शोधत राहिले. पामेला रासमुसेन या संशोधिकेने संग्रहालयाचे खण तपासता तपासता उघड केले की ती चिठ्ठी खोटी आहे. दुसऱ्याचाच जुना नमुना चोरून, पुन्हा शिवून ठेवलेला होता. तिने खऱ्या चिठ्ठ्या तेवढ्या जमेस धरल्या, त्या जागा धुंडाळल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ तिला व तिच्या सोबत्यांना रानपिंगळा जिवंत दिसला. ११३ वर्षांनी! २०१४ साली तो आपल्या दक्षिणेला तानसाच्या जंगलातही सापडला.

म्हणून वहीत खाडाखोड झाली तरी पान फाडू नका. चुकलेल्या आकड्यावर एक रेघ मारून शेजारी नवा लिहा, म्हणजे जुनाही वाचता येईल. अपेक्षेप्रमाणे उत्तर आले नाही तर जे आले तेच लिहा. महाविद्यालयाच्या प्रात्यक्षिकात आपण पुस्तकातले उत्तर आधी पाहून आकडे जुळवतो. सगळेच जुळवतात, मीही जुळवले आहेत. ती सवय खोडाळ्याहून कसाऱ्याला जाणाऱ्या गाडीत बसण्यापूर्वी सोडावी लागेल.

सामान फारसे लागत नाही. बंद बूट हवेत, चप्पल चालत नाही. मुलींनी केस आणि ओढणी घट्ट बांधावी, कारण जवळ ज्योत आणि आम्ल असते. नमाजाची वेळ आणि जेवणाचा प्रश्न पहिल्याच दिवशी मोकळेपणी विचारून घ्यावा. संकोचाने उपाशी राहण्याचे कारण नाही. इंग्रजी बोलताना अडखळाल, पण तिथे बिहार, केरळ, मणिपूरची मुले असतात, तीही अडखळतात. पहिला आठवडा बहुधा भांडी धुण्यात आणि दुसऱ्याचे काम पाहण्यात जाईल. तेव्हा फोन करून ‘इथे काही शिकवत नाहीत’ असे घरी कळवू नका, आणि पालकांनीही लगेच ‘मग परत ये’ असे म्हणू नये.