मूल सांभाळायचा खर्च कुणाचा?



कामाला जायचं तर मूल कुणाजवळ ठेवायचं, हा प्रश्न बचत गटाच्या बैठकीत नेहमी निघतो. अमेरिकेत हाच प्रश्न आयकराच्या कायद्यात गेला. त्याची गोष्ट आज सांगते.

स्मिथ नावाचं एक जोडपं होतं. दोघंही नोकरी करायचे, म्हणून मुलाला सांभाळायला बाई ठेवली होती. १९३७ सालचा कर भरताना त्यांनी तिचा पगार उत्पन्नातून वजा केला. बाई नसती तर आईला कामावर जाताच आलं नसतं, असं त्यांचं म्हणणं. १९३९ मध्ये तिथल्या कर अपील मंडळानं ते नाकारलं. घर आणि मुलं सांभाळणं हे बायकोचं बिनपगारी काम, तेव्हा हा खर्च घरगुतीच, असं मंडळ म्हणालं.

पंधरा वर्षांनी, १९५४ मध्ये, कायदा थोडा हलला. नोकरी करणाऱ्या बाईला आणि विधुराला वर्षाला ६०० डॉलरपर्यंत खर्च उत्पन्नातून वजा करता येऊ लागला. १९७६ मध्ये त्याऐवजी करातच सूट आली. म्हणजे खर्चाचा ठरावीक हिस्सा थेट भरायच्या करातून कमी.

१९८१ मध्ये दुसरी वाट निघाली. मूल सांभाळण्यासाठी मालकाकडून मिळणारी मदत करमुक्त झाली. पुढे पगारातूनच अशी रक्कम आधी बाजूला काढून खात्यात ठेवायची पद्धत रुळली. त्या रकमेवर कर नाही. १९८६ च्या कायद्यानं तिला ५००० डॉलरची मर्यादा घातली.

आता सवलती दोन झाल्या. काही घरं थोडा खर्च खात्यातून दाखवत आणि उरलेल्यावर करात पूर्ण सूट घेत. १९८८ मध्ये नियम आला: खात्यातून जितके डॉलर करमुक्त घेतले, तितके सुटीच्या मर्यादेतून कमी.

हिशेब करून बघू. २००३ पासून दोन मुलांसाठी सुटीला धरायच्या खर्चाची मर्यादा ६००० डॉलर आहे. खर्च झाला १०,०००. खात्यातून ५००० घेतले, तर सुटीला उरले फक्त १०००. त्यावर २० टक्के दरानं २०० डॉलर कर वाचला. एका मुलाची मर्यादा ३०००, तिथे काहीच उरत नाही. २०२६ पासून खात्याची मर्यादा ७५०० झाली. ती पूर्ण वापरली तर दोन मुलांनाही सूट उरत नाही.

पण खरी मेख पुढेच आहे. मालकानं सोय केली असेल तरच खातं मिळतं. कर भरायचा असेल तरच सूट मिळते. जिची कमाई इतकी कमी की कर लागतच नाही, तिच्या हाती दोन्हींतून फारसं काही येत नाही. फक्त २०२१ या एका वर्षी, करोनाच्या काळात, कर नसला तरी सुटीचे पैसे रोख मिळाले.

आपल्याकडे २००५ च्या रोजगार हमी कायद्यानं वेगळा रस्ता धरला. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची. इथे कराचा प्रश्नच नाही.

म्हणून कुठलीही सवलत जाहीर झाली की गटात दोन गोष्टी विचारा. एक घेतली तर दुसरी कमी होते का? आणि जिला सर्वांत जास्त गरज आहे, तिच्या हातात यातलं काय पडणार?