उंटावरून तपास

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तुम्ही कधी आयोवातून गाडीने गेला असाल, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभा असलेला मका आठवत असेल. तोवर तो माणसाच्या डोक्यावर गेलेला असतो. मैलोन् मैल हिरव्या भिंती, मधून सरळ रेषेत जाणारा रस्ता, आणि अधूनमधून एखादं शेतघर. १८ जुलै २०१८ च्या संध्याकाळी ब्रूकलिन नावाच्या गावातून वीस वर्षांची एक विद्यार्थिनी पळायला म्हणून बाहेर पडली आणि परत आली नाही. हे न्यूयॉर्कचं ब्रूकलिन नव्हे. आयोवातल्या पोवेशिक काउंटीतलं, साधारण चौदाशे वस्तीचं गाव. संध्याकाळी कोण कुठल्या रस्त्याने पळतं, हे अशा गावात बऱ्याच जणांना माहीत असतं.

तिचं नाव मी इथे लिहीत नाही. तुमच्यापैकी अनेकांना ते आठवतही असेल, कारण त्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या प्रत्येक वाहिनीवर तिचा फोटो होता. पण हा लेख तिच्याबद्दल कमी आणि तिच्याबद्दल बोलणाऱ्यांबद्दल जास्त आहे. म्हणजे थोडासा तुमच्या-माझ्याबद्दलही.

ती सापडेपर्यंत चौतीस दिवस गेले. त्या दिवसांत गावकऱ्यांनी शेतं, नाले, पडकी गुदामं पालथी घातली. बक्षिसाची रक्कम तीन लाख डॉलर्सच्या वर गेली. तपास अधिकाऱ्यांकडे हजारो सूचना आल्या. आणि ज्यांनी आयोवा आयुष्यात पाहिलं नव्हतं, अशा असंख्य लोकांनी घरबसल्या तपास सुरू केला. तिच्या मनगटावरचं फिटबिट, शेवटचा फोटो, शेवटचा मेसेज, जवळच्या माणसांनी मुलाखतीत वापरलेला भूतकाळ किंवा वर्तमानकाळ, सगळ्याची चिरफाड झाली. पहिला संशय नेहमीप्रमाणे जवळच्यांवर गेला. मग गावाजवळच्या एका शेतकऱ्याची पोलिसांनी चौकशी केली, त्याच्या जमिनीची झडती घेतली, आणि लगेच त्याच्या दारात कॅमेरे उभे राहिले. त्याचं पूर्वायुष्य उकरून देशभर वाटलं गेलं. या प्रकरणाशी त्याचा काहीही संबंध नव्हता.

शेवटी उलगडा झाला तो एका रहिवाशाच्या घरावरच्या सुरक्षा कॅमेऱ्यामुळे. अधिकाऱ्यांनी ते चित्रण तासन् तास बसून पाहिलं. ओझरती पळून जाणारी एक आकृती आणि त्याच रस्त्यावर पुन्हा पुन्हा फेऱ्या मारणारी एक काळी गाडी त्यांना दिसली. गाडीवरून चालक सापडला, आणि २१ ऑगस्टला मक्याच्या शेतात तिचा मृतदेह मिळाला. चालकावर खुनाचा खटला चालला, २०२१ मध्ये तो दोषी ठरला आणि त्याला जन्मठेप झाली. पाच आठवडे ज्यांच्यावर आभाळभर संशय घेतला गेला, त्यांच्यातला तो कोणीच नव्हता.

इंटरनेटने माणसं बिघडवली, हा निष्कर्ष इथे फार सोपा आहे. इतिहासाची विद्यार्थी म्हणून मला तो पटत नाही. कारण हीच गोष्ट मी त्याआधीच्या काळातही वाचली आहे, मोडेम तर सोडाच, टेलिफोनही नसताना.

२५ जुलै १८४१. न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवरच्या एका तंबाखूच्या दुकानातली विक्रेती म्हणून ओळखली जाणारी मेरी रॉजर्स रविवारी सकाळी नातेवाइकांकडे जाते म्हणून घरातून निघाली. तीन दिवसांनी होबोकेनजवळ हडसन नदीत तिचा मृतदेह सापडला. शहरात तेव्हा स्वस्त दैनिकांचा नवा धंदा भरात होता. 'सन' १८३३ साली निघालं, 'हेरल्ड' १८३५ साली. एक-दोन सेंटचा अंक खपवायचा तर रोज नवं काहीतरी छापायला हवं, आणि पोलिसांकडे तर रोज नवं काही नसे. मग अंदाज छापले गेले. हा खून गुंडांच्या टोळीने केला, हे एक मत. नदीत सापडलेली बाई मेरी नव्हतीच, हे दुसरं. संशय तिच्या वाग्दत्त वरावरही आला. त्या दिवशी आपण कुठे होतो, हे त्याने शपथेवर सांगितलं आणि तो सुटला. पण ऑक्टोबरमध्ये त्याने विष घेतलं आणि होबोकेनलाच प्राण सोडला. वियोगामुळे की बदनामीमुळे, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

फिलाडेल्फियात बसून एक लेखक ही सगळी वर्तमानपत्रं वाचत होता. त्याचं नाव एडगर ॲलन पो. त्याने मेरीचं नाव मारी रोजे केलं, हडसनची सेन केली, न्यूयॉर्कचं पॅरिस केलं आणि फक्त कात्रणांच्या आधारे हा गुन्हा सोडवून दाखवण्याचा घाट घातला. कथा १८४२ च्या नोव्हेंबरपासून मासिकात तीन हप्त्यांत येऊ लागली. त्याच सुमारास होबोकेनच्या बाजूची एक खानावळवाली बंदुकीची गोळी लागून मरणासन्न झाली, आणि मेरीचा मृत्यू गर्भपाताच्या प्रयत्नात झाला असं तिने सांगितल्याची बातमी पसरली. पोच्या तर्कात हे बसत नव्हतं. १८४५ मध्ये कथा पुस्तकात घेताना त्याने जागोजागी हलकेच फेरफार केले, म्हणजे ही शक्यता आपल्या ध्यानात आधीपासून होती असं वाटावं. घरबसल्या तपास करणाऱ्यांचा हा मूळपुरुष, आणि आपली जुनी पोस्ट गुपचूप दुरुस्त करणाऱ्यांचाही. मेरी रॉजर्सचं प्रकरण आजतागायत सुटलेलं नाही.

आता पंच्याऐंशी वर्षं पुढे या. ३ डिसेंबर १९२६ च्या रात्री बर्कशायरमधल्या सनिंगडेलच्या घरातून अगाथा ख्रिस्ती गाडी घेऊन निघाली. दुसऱ्या सकाळी तिची मॉरिस काउली सरे परगण्यात, न्यूलँड्स कॉर्नरच्या उतारावर बेवारस सापडली. कडाक्याच्या थंडीत तिचा फरचा कोट गाडीतच होता. मग जे घडलं ते आज घडतंय असं वाटावं. हजारो हौशी लोक माळरान तुडवायला आले. 'डेली न्यूज'ने शंभर पौंडांचं बक्षीस लावलं आणि वेश बदलला तर ती कशी दिसेल याची चित्रं छापली. आर्थर कॉनन डॉयलने तिचा हातमोजा मिळवून एका माध्यमाकडे, म्हणजे मृतात्म्यांशी बोलतो म्हणणाऱ्या माणसाकडे दिला. डोरोथी सेयर्स जागेवर जाऊन पाहणी करून आली. नवऱ्याने खून केला असेल, हा तर्क तर सगळ्यात लाडका होता. पोलीस अधिकारीही त्याच वाटेने गेले आणि मृतदेह माळावरच मिळेल या खात्रीने माळच खणत राहिले.

ती तेव्हा तिथून दोनशेहून अधिक मैल उत्तरेला, हॅरोगेटच्या एका हॉटेलात राहत होती. नोंदवहीत नाव होतं टेरेसा नील, केपटाउन. नील हे तिच्या नवऱ्याच्या प्रेयसीचं आडनाव. हॉटेलच्या वाद्यवृंदातल्या दोघांनी तिला ओळखलं आणि ते पोलिसांकडे गेले. १४ डिसेंबरला शोध संपला. ज्याने शेरलॉक होम्स लिहिला त्याला ती सापडली नाही. बँजो वाजवणाऱ्याला सापडली, कारण ती रोज त्याच्यासमोर असायची.

इथे जरा थांबून या दोन गोष्टी आयोवाच्या गोष्टीशेजारी ठेवून बघा. तिन्ही ठिकाणी लोकांनी दोन वेगवेगळ्या प्रकारची मदत केली. काहींनी जे पाहिलं ते सांगितलं: कॅमेऱ्याचं चित्रण देणारा रहिवासी, वाद्यवृंदातले वादक. बाकीच्यांनी जे पाहिलं नव्हतं त्याचा अंदाज बांधला. आयोवात आणि हॅरोगेटला उलगडा झाला तो पहिल्या प्रकारच्या मदतीने. दुसऱ्या प्रकाराने तिन्ही ठिकाणी एकेक निरपराध माणूस उन्हात उभा केला.

लहानपणी ऐकलेली उंटावरच्या शहाण्याची गोष्ट आठवा. वासराचं डोकं रांजणात अडकलेलं, म्हणून गाव शहाण्याला बोलावतो. शहाणा उंटावरून येतो, पण खाली उतरायला तयार नसतो. उंट आत यावा म्हणून आधी घराची भिंत पाडावी लागते. मग तो सांगतो, वासराची मान कापा. मान कापली तरी डोकं आतच, म्हणून रांजण फोडा. शेवटी भिंत गेली, वासरू गेलं, रांजणही गेला, आणि शहाणा आला तसा उंटावरून परत गेला. आपण ही गोष्ट त्याच्या मूर्खपणासाठी सांगतो. पण तिच्यातला खरा मुद्दा हिशेबाचा आहे. शहाण्याचं एक पैचंही नुकसान झालं नाही. जे झालं ते घरवाल्याचं.

आणि घरवाले आपणही असू शकतो. २०१३ चा एप्रिल आठवतो? ब्राउन विद्यापीठातला भारतीय वंशाचा एक विद्यार्थी मार्चच्या मध्यापासून बेपत्ता होता. घरच्यांनी फेसबुकवर पान काढलं होतं, मित्र शहरभर पत्रकं लावत होते. १५ एप्रिलला बॉस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. १८ तारखेला एफबीआयने दोन संशयितांची धूसर छायाचित्रं प्रसिद्ध केली, आणि त्या रात्री रेडिटवर नि ट्विटरवर कोणीतरी म्हणालं, हा तर तो हरवलेला मुलगा. सावळा, तरुण, बेपत्ता. एवढा पुरावा पुरला. ज्या पानावर कुटुंब मुलाला हाक मारत होतं, त्यावर शिव्यांचा पाऊस पडला आणि ते बंद करावं लागलं. सकाळपर्यंत खरे संशयित वेगळेच असल्याचं जाहीर झालं. २३ एप्रिलला त्या मुलाचा मृतदेह प्रॉव्हिडन्सच्या पाण्यात सापडला. ज्या रात्री जग त्याला दहशतवादी म्हणत होतं, तेव्हा तो जिवंतही नव्हता. रेडिटच्या व्यवस्थापनाने नंतर जाहीर माफी मागितली. कुटुंबाची ती रात्र मात्र कोणाला परत करता आली नाही.

आयोवातही शेवटचा घाव असाच उलटा बसला. आरोपी मेक्सिकोतून आलेला शेतमजूर निघाल्यावर तपासाची जागा राजकारणाने घेतली. स्थलांतरित म्हणजे धोका, हे सांगायला त्या मुलीचा फोटो वापरला जाऊ लागला. तेव्हा तिच्या वडिलांनी तिथल्या 'डे मॉइन रजिस्टर' या दैनिकात लेख लिहून विनवलं की आमच्या मुलीच्या मृत्यूचा वापर ती ज्याला कडाडून विरोध करायची त्या वंशद्वेषासाठी करू नका. परक्या देशात परक्या रंगाने राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्या बापाचे आभार मानायला हवेत.

मग हौशी माणसाने गप्प बसावं का? तसंही नाही. १९६८ मध्ये केंटकीत जॉर्जटाउनजवळ कापडात गुंडाळलेला एका तरुणीचा मृतदेह सापडला आणि तीस वर्षं तिला नाव नव्हतं. तो मृतदेह ज्याला सापडला, त्याचा जावई टॉड मॅथ्यूज हा कारखान्यात काम करणारा माणूस. त्याने वर्षानुवर्षं हरवलेल्या माणसांच्या नोंदी चाळल्या, १९९८ मध्ये इंटरनेटवर एका बहिणीने लिहिलेलं वर्णन त्याला जुळताना दिसलं, आणि त्याने ते अधिकाऱ्यांपुढे ठेवलं. डीएनए तपासणीने ते खरं ठरलं. नीट बघा त्याने काय केलं ते. त्याने आरोपी शोधला नाही. नाव नसलेल्या एका बाईला नाव मिळवून दिलं आणि निर्णय तपासणीवर सोडला. चूक झाली असती तर कोणाची भिंत पडली नसती.

दोष एकट्या लोकांचाही नसतो. २०२३ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या सेंट मायकल्स ऑन वायर या खेड्यात कुत्र्याला फिरवायला गेलेली एक आई नदीकाठावरून नाहीशी झाली. फोन बाकावर पडलेला, ऑफिसची मीटिंग चालूच. ती नदीत पडली असावी, हे पोलिसांचं म्हणणं पहिल्यापासून होतं. पण टिकटॉकवाले गावात उतरले, इतके की पोलिसांना त्यांना हुसकावण्याचे विशेष अधिकार वापरावे लागले. अफवा आवरायला म्हणून पोलिसांनी तिच्या तब्येतीची खासगी माहिती जाहीर केली आणि आगीत तेल ओतलं. तेवीस दिवसांनी, नदीच्या प्रवाहात मैलभर खाली, रपेटीला निघालेल्या दोघांना तिचा मृतदेह दिसला. पुढे चौकशीत अपघाती बुडून मृत्यू, असाच निष्कर्ष निघाला. पोलिसांच्या कामाचा आढावा नोव्हेंबरमध्ये आला. त्यात ती माहिती उघड करणं अनावश्यक आणि टाळण्यासारखं होतं असं म्हटलं होतं, आणि अधिकृत माहितीच्या पोकळीत तर्कांना रान मिळालं यावरही बोट ठेवलं होतं.

त्या पोकळीची भूक मला कळते. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर आपल्याकडच्या पिढ्या वाढल्या. शेवटच्या पानावर गुन्हेगार सापडतोच, याची आपल्याला सवय आहे. पण कथेत पुरावे लेखकाने आधीच पेरलेले असतात. खऱ्या गावात ते पेरलेले नसतात, आणि ज्याच्यावर आपण बोट ठेवतो त्याला उद्या त्याच गल्लीतून दूध आणायला जायचं असतं.

पुढच्या वेळी कोणी हरवेल, आणि ते नाव आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर येईल, तेव्हा एक छोटी परीक्षा करून बघा. फोटो, कपड्यांचा रंग, शेवटची जागा, पोलिसांचा नंबर असेल तर पुढे पाठवा. हॅरोगेटच्या वादकासारखं कोणाला तरी काही आठवेल. 'मला तर त्या नवऱ्यावरच संशय आहे' एवढंच लिहायचं असेल, तर आधी उंटावरून खाली उतरा. आणि भिंत कोणाच्या घराची आहे ते जवळून बघून घ्या.