कुडाचा इतिहास

चारठाण्यावर लिहिणाऱ्यांची वाण नाही. जिंतूर तालुक्यातल्या या गावची जुनी मंदिरे, उंच दगडी स्तंभ, बारव यांची वर्णने अनेकांनी केली. दगड टिकतो म्हणून त्याला इतिहास असतो, कुडाला तो नसतो, असे आपल्या अभ्यासकांनी धरूनच ठेवले आहे. मला कुडाबद्दल बोलायचे आहे.

परभणी जिल्ह्यातली जुनी ऐपतदार घरे माळवदाची. लाकडी तुळया, वर फळ्या, त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. भर उन्हाळ्यात आत गारवा. ती माती आमच्या आयाबायांनी डोक्यावरून वाहिली. आमच्या आजोबांच्या घराला मात्र तुराट्यांचा कूड आणि वर गवत. गरिबी होतीच; पण प्रश्न नुसत्या पैशाचा नव्हता. अस्पृश्याने कौलारू घर बांधणे हा गावाच्या लेखी अपराध, ही नोंद खुद्द बाबासाहेबांनी करून ठेवली आहे. स्थापत्याच्या पुस्तकांत हे प्रकरण सापडत नाही.

पहिला बदल झाला तो कोनाड्यात. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर तिथले देव गेले आणि त्याच जागी बुद्धाची व बाबासाहेबांची तसबीर आली. भिंत तीच, शेणाने सारवलेली.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. परभणी जिल्हाही सुटला नाही. हिंगोली तेव्हा याच जिल्ह्यात होती. गवत किती झटकन पेटते हे वस्तीवस्तीने पाहिले. पुढे ज्याला जमले त्याने आधी गवत उतरवून पत्रे घातले. पत्र्याखाली वैशाखात माणूस भाजून निघतो, पण पत्र्याला काडी लावता येत नाही. याला कुणी विकास म्हणोत. आमच्यासाठी ते भीतीने निवडलेले छप्पर होते.

१९९४ साली नामविस्तार झाला. इंदिरा आवास, मग रमाई आवास आली : २६९ चौरस फूट, वीट, सिमेंट, स्लॅब. इकडे गावातली माळवदे गळताहेत, त्यांचे मालक पुण्याला. ‘आता तुम्हाला काय कमी?’ असे विचारणारे मग भेटतात. त्यांनी घरकुलाची जागा पाहावी. नवे घर उभे राहिले ते जुन्याच जागेवर, गावचा उतार संपतो तिथे. पावसाळ्यात साऱ्या गावाचे पाणी आजही आमच्या दारावरून वाहते. म्हणून वस्तीतल्या नव्या घरांची जोती कमरेएवढी उंच आहेत.