दुरून पाहिलेले हृदय

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर हे नाशिक जिल्ह्यातले तालुके पश्चिमेच्या डोंगराळ पट्ट्यात. हृदयरोगतज्ज्ञ मात्र बहुतेक सारे नाशिक शहरात. सुरगाण्याहून शहर सुमारे ९० किलोमीटर, तेही घाटरस्त्याने. छातीत कळ आलेला माणूस शहरात पोहोचण्याआधी त्याच्या हृदयाची खबर तिथे पोहोचवता येईल का, या साध्या प्रश्नातून हृदयाच्या दूरनिदानाच्या विषयात शिरता येते. त्यासाठी डॉक्टर किंवा संगणकतज्ज्ञ असण्याची गरज नाही.

हा खटाटोप नवा नाही. १९०५ साली नेदरलँड्समधल्या लायडन शहरात विलेम आइंथोव्हेन यांनी रुग्णालयातल्या रुग्णांचा ईसीजी, म्हणजे हृदयाच्या विद्युतलहरींचा आलेख, टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेत उतरवून घेतला. यंत्र इतके अवजड होते की ते रुग्णाच्या खाटेपाशी नेण्याची सोय नव्हती. पुढे १९२४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

नव्या वाचकांनी सुरुवात ईसीजीपासूनच करावी. कागदावरचा एक लहान चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ उलगडते. तिरका फोटो काढून पाठवला की हे मापच का बिघडते, तेही कळते. तालुक्याच्या रुग्णालयात काढलेला आलेख दूरच्या तज्ज्ञाने वाचायचा, मोठा झटका ठरला आणि रुग्णाला चालणार असेल तर रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथेच द्यायचे, आणि मग त्याला मोठ्या केंद्राकडे रवाना करायचे, ही राज्याच्या ‘स्टेमी महाराष्ट्र’ प्रकल्पाची रीत आहे. प्रतिमा म्हणाल तर अगदी साधी, पण तिच्यामुळे वाचणारा वेळ हृदयाच्या स्नायूच्या हिशेबात मोजायचा असतो.

टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, ही पुढची पायरी, आणि खरी गंमत इथे आहे. हृदय हलते, म्हणून एका फोटोने भागत नाही. झडपांची उघडझाप दाखवणाऱ्या अनेक छोट्या चित्रफिती पाठवाव्या लागतात. फाइल हलकी करण्याच्या नादात त्या फार दाबल्या, तर झडपेच्या कडेचा बारीक दोष पुसला जाऊ शकतो. पडद्यावरचा लाल-निळा रंग पाहून तुम्ही शुद्ध-अशुद्ध रक्त समजाल, तसे नाही. लाल म्हणजे छातीवर टेकवलेल्या प्रोबकडे येणारा प्रवाह, निळा म्हणजे दूर जाणारा. मला मात्र या सगळ्यांहून मोठा वाटतो तो प्रोब धरणारा हात. बरगड्यांमधली नेमकी फट त्या हाताला सापडली नाही, तर शहरातल्या तज्ज्ञापुढे कितीही उंची पडदा ठेवा, दिसणार काहीच नाही. दूरनिदानावरच्या लेखनात या हाताला जागा फार थोडी मिळते. तंत्रज्ञ आणि परिचारिकांच्या प्रशिक्षणाची पाने वाचकांनी म्हणूनच चाळून सोडू नयेत.

सीटी आणि एमआरआयचा भाग सवडीने वाचला तरी चालेल. शेकडो काप जोडून हृदय त्रिमितीत उभे करता येते, ते दूरच्या पडद्यावर फिरवूनही पाहता येते. पण ती यंत्रे डोंगरातल्या गावाच्या वाट्याला क्वचितच येतात.

नाशिककराने या विषयाकडे थोड्या अभिमानाने पाहायला हरकत नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून इथे आहे, शालिमारजवळचे विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय हृदयरुग्णांना परिचित आहे, आणि प्रतिमांच्याच दुनियेत, कोपऱ्यापलीकडचे टिपणाऱ्या कॅमेऱ्याचे संशोधन करणारे अमेरिकेतल्या एमआयटीतले रमेश रासकर मूळचे नाशिकचेच.

कायद्याचा भाग कोरडा वाटेल, तरी तो वगळू नये. इकोचे यंत्रही सोनोग्राफीचेच, म्हणून ते गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या कक्षेत येते. मनात आले, जीपमध्ये घातले आणि पाड्यावर नेले, असे करता येत नाही. त्यासाठी नोंदणी झालेले रुग्णालय किंवा रीतसर नोंदवलेले फिरते वैद्यकीय पथक लागते.