इंटरनेट दूरध्वनी

आवाजाचे अंकीय तुकडे करून ते इंटरनेटवरून पाठवण्याची संभाषणपद्धती. रोजच्या बोलण्यात व्हीओआयपी किंवा इंटरनेट कॉलिंग. १९९५ मध्ये व्होकलटेक या इस्रायली कंपनीने संगणकावरून संगणकाशी बोलण्याची सोय बाजारात आणली आणि २००३ मध्ये आलेल्या स्काइपने ती घरोघरी नेली. भारतात १ एप्रिल २००२ पासून तिला मर्यादित परवानगी मिळाली, मात्र इंटरनेटवरून देशातल्या साध्या फोनवर बोलण्याची मुभा यायला २०१८ उजाडले. तोवर व्हॉट्सॲपचे कॉल सर्वांच्या अंगवळणी पडले होते.

या पद्धतीचा गौरव होतो तो स्वस्ताईसाठी, आणि परदेशी असलेल्या मुलांशी मिनिटे मोजत बोललेल्या पिढीला ती स्वस्ताई किती मोलाची आहे हे सांगावे लागत नाही. पण याहून मोठा बदल जबाबदारीचा आहे; ती कंपनीकडून ग्राहकाकडे आली. तांब्याच्या तारेवरच्या लँडलाइनला वीज एक्स्चेंजमधून, सुमारे ४८ व्होल्टची, मिळे; त्यामुळे घरातले दिवे गेले तरी फोन चालू राही. फायबरची पेटी आणि राउटर मात्र घरच्याच विजेवर चालतात. आवाजाचेही तसेच. जी.७११ या प्रचलित पद्धतीत एका दिशेने सेकंदाला साधारण पन्नास तुकडे जातात आणि सगळे मिळून शंभर केबीपीएसही लागत नाहीत. म्हणजे वेग कमी पडतो असे क्वचितच घडते. तुकडे ठरल्या वेळी पोचत नाहीत, हे खरे दुखणे. शेजारच्या खोलीत कोणी मोठा व्हिडिओ अपलोड करायला लावला की राउटरमध्ये रांग लागते, शब्द तुटतात आणि दोन्हीकडून ‘हॅलो, हॅलो’ सुरू होते. अशा वेळी महागडा प्लॅन घेण्यापेक्षा फोनला लॅनची तार जोडणे आणि राउटरमध्ये आवाजाला अग्रक्रम देणे अधिक उपयोगी पडते.

लँडलाइन तरी कुठे भरवशाची होती, पावसाळ्यात ती आठवडेच्या आठवडे बंद पडे, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे; पण तेव्हा तक्रार कुठे करायची हे ठाऊक असे. आता ॲप, इंटरनेट कंपनी आणि घरचा राउटर यांपैकी दोष कोणाचा, हे ग्राहकानेच शोधायचे. हातात मोबाइल असताना काळजी कशाला, हा दुसरा आक्षेप घरापुरता बराचसा मान्य करावा लागतो. तरी व्हॉट्सॲपवरून ११२ हा आपत्कालीन क्रमांक लागत नाही, म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या घरी साध्या कॉलचे सिम चालू असलेच पाहिजे. दवाखाना किंवा ग्राहकसेवा केंद्र यांना मात्र हा युक्तिवाद पुरत नाही, कारण लोक त्यांच्या ठरलेल्या नंबरावरच फोन करतात. राउटरला छोटा यूपीएस आणि नेट गेल्यास कॉल मोबाइलकडे वळवण्याची सोय, एवढे तिथे हवेच. नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार विभागाने कॉल सेंटरांचे नियम सैल केले आणि घरून काम करणे सोपे झाले. घरून काम करताना कंपनीचा कॉल कर्मचाऱ्याच्या घरच्या जोडणीवरून जातो. त्या जोडणीचा आणि यूपीएसचा खर्च कंपनीनेच उचलायला हवा आणि लाइन गेल्याच्या वेळेबद्दल कर्मचाऱ्याचा पगार कापू नये.